अरबी, तौलनिक साहित्य आणि इंग्रजी एकत्र शिकताना: ठाणे आणि नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की ठाणे, मुंब्रा, भिवंडी, वाशी, नेरूळ, पनवेल अशा ठिकाणांहून विद्यार्थी आणि त्यांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत आणि पुढचे प्रश्न अपवादांचे व अडचणींचे आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे तिन्ही विषय एकत्र शिकायचे म्हणजे नक्की काय करायचे? तीन पदव्या घ्यायच्या का?

तीन पदव्यांची गरज नाही. अरबीचा अभ्यास पहिली दोन वर्षे मुख्यतः भाषेचा असतो: लिपी, उच्चार, व्याकरण, सोपे उतारे. साहित्य त्यानंतर हाती येते. इंग्रजी साहित्यात कविता, नाटक, कादंबरी आणि समीक्षा यांचे बारकाईने वाचन होते. तौलनिक साहित्य म्हणजे पुस्तकांची तिसरी रास नव्हे. एखादी कथा, एखादा छंद किंवा एखादी कल्पना एका भाषेतून दुसरीत जाते तेव्हा तिचे काय होते, हे पाहण्याची ती पद्धत आहे. ही पद्धत वापरायची तर दोन्ही बाजूंची मूळ पाने वाचता आली पाहिजेत. म्हणून माझा आग्रह असा असतो की पहिली दोन वर्षे सर्वांत जास्त वेळ अरबीला द्यावा. अरबी कच्ची राहिली, तर तुलनेच्या दोन्ही बाजूंना शेवटी इंग्रजीच उरते.

२. मुंबई विद्यापीठात या तिघांची मिळून एकच पदवी आहे का?

अशी तयार पदवी आपल्याकडे मिळत नाही. ती जुळवावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या रचनेत एक मेजर म्हणजे मुख्य विषय, एक मायनर म्हणजे जोडविषय आणि त्याशिवाय काही खुले ऐच्छिक विषय घेता येतात. बहुतेक विद्यार्थ्यांना इंग्रजी मेजर ठेवून अरबी मायनर किंवा ऐच्छिक घेणे सोयीचे पडते. मात्र मायनर तोच मिळतो, जो त्या महाविद्यालयात शिकवला जातो. त्यामुळे महाविद्यालय निवडताना नाव किंवा अंतर पाहण्याआधी त्या वर्षाच्या माहितीपत्रकात अरबी आहे का, आणि ती तिन्ही वर्षे शिकवली जाते की फक्त पहिल्या वर्षी, हे पाहून घ्यावे. अरबी पहिल्या वर्षानंतर बंद होत असेल, तर त्या प्रवेशाचा उपयोग नाही.

महाविद्यालयात अरबी नसेल, तर राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेच्या केंद्रांवर चालणारा एक वर्षाचा अरबी प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्यापुढचा दोन वर्षांचा व्यावहारिक अरबीचा डिप्लोमा हा चांगला मार्ग आहे. इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातही अरबीचे प्रमाणपत्र आहे.

३. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर?

मग पर्याय वाढतात. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९५६ साली बुद्धदेव बसू यांनी तौलनिक साहित्याचा विभाग सुरू केला. भारतातला हा या विषयाचा पहिला विभाग, आणि तिथे पदवीपासून हा विषय शिकता येतो. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि दिल्ली विद्यापीठ, तसेच हैदराबादमध्ये इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ इथे अरबीचे भक्कम विभाग आहेत. दिल्लीतल्या या दोन्ही विद्यापीठांत पदवीचा प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. इथे पदवीला अरबी पक्की करून पदव्युत्तर शिक्षणासाठी तौलनिक साहित्याकडे वळणे, हा क्रम मला उलट क्रमापेक्षा अधिक बरा वाटतो, कारण भाषा उशिरा सुरू केली की ती भरून काढणे फार कठीण जाते.

४. मला अरबीचे एक अक्षरही येत नाही. किती वर्षे लागतील?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना अरबीत कामकाजापुरते प्रावीण्य मिळवण्यासाठी ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २२०० तासांचे वर्ग धरते. आता आपले गणित मांडा. आठवड्याला सहा तासांचे वर्ग आणि वर्षाचे तीस आठवडे धरले, तर तीन वर्षांत ५४० तास होतात. म्हणजे जेमतेम एक चतुर्थांश. उरलेले तास स्वतःचे घालावे लागतात. रोज दीड तास, सुटीतही, इतकी तयारी ठेवली तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस आधुनिक लघुकथा शब्दकोशाच्या मदतीने वाचता येते.

लिपीची भीती मात्र बाळगू नये. अक्षरे २८ आहेत, लेखन उजवीकडून डावीकडे होते, आणि शब्दातल्या जागेप्रमाणे अक्षराचा आकार बदलतो. अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय आणि वाव ही सहा अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत, हे एकदा हातात बसले की बाकीचे तीन-चार आठवड्यांत जमते. खरी कसोटी पुढे आहे: ऱ्हस्व स्वर सहसा लिहिलेच जात नाहीत, त्यामुळे व्याकरण समजल्याशिवाय शब्द मोठ्याने अचूक वाचता येत नाही.

५. मला उर्दू येते, किंवा लहानपणी मदरशात कुराण वाचले आहे. पहिले वर्ष सोडून पुढे जाता येईल का?

लिपीचे वर्ग सोडता येतील, व्याकरणाचे नाही. मुंब्रा आणि भिवंडीतून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे पठण अतिशय सुंदर असते, पण पठण स्वरचिन्हे दिलेल्या मजकुराचे असते आणि वृत्तपत्रात किंवा कादंबरीत ती चिन्हे नसतात. उर्दूभाषकांना शब्दसंग्रहाचा मोठा आधार मिळतो, तरी उच्चार नव्याने घडवावे लागतात: उर्दूत ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय ही चारही अक्षरे ‘ज़’ अशीच उच्चारली जातात, अरबीत चारही वेगळी आहेत. ज्यांचे पठण पक्के आहे, त्यांना हा फरक कानाने आधीच माहीत असतो, आणि ही त्यांची जमेची बाजू आहे.

६. प्रमाण अरबी शिकावी की बोली? माझे काका मस्कतला आहेत, ते म्हणतात पुस्तकी अरबी कोणी बोलत नाही.

काकांचे म्हणणे बोलण्यापुरते बरोबर आहे. लिहिण्याची, बातम्यांची आणि बहुतांश साहित्याची भाषा फुस्हा, म्हणजे प्रमाण अरबी. घरात आणि बाजारात बोलली जाते ती आम्मिया, आणि ती कैरोत, दमास्कसमध्ये, मस्कतमध्ये आणि मोरोक्कोत वेगवेगळी असते. साहित्याच्या विद्यार्थ्याने फुस्हापासूनच सुरुवात करावी. दुसऱ्या वर्षी एखादी बोली जोडावी, कारण अनेक कादंबऱ्यांतले संवाद बोलीत असतात. इजिप्तची बोली चित्रपट आणि मालिकांमुळे सर्वदूर समजते. नोकरी आखातात करायची असेल किंवा तिथल्या लोकांशी काम पडणार असेल, तर आखाती बोली घ्यावी (प्रश्न १४ पाहा).

७. आमच्या घरात कोणी मुस्लिम नाही. नातेवाईक विचारतात, अरबी कशाला? वर्गात परकेपणा वाटेल का?

हा प्रश्न बहुतेक वेळा मुलींच्या आईकडून येतो, आणि तो काळजीपोटी येतो. अरबी ही इस्लामच्या धर्मग्रंथाची भाषा आहेच, पण ती त्याआधीच्या मुअल्लकात या प्रदीर्घ कवितांचीही भाषा आहे. मैमोनिडीज या ज्यू तत्त्वज्ञाने आपला प्रमुख तात्त्विक ग्रंथ अरबीत लिहिला, एकोणिसाव्या शतकातला थोर कोशकार बुत्रुस अल्-बुस्तानी ख्रिस्ती होता, खलील जिब्रानही ख्रिस्ती घरातला. कुराण वर्गात येते आणि यावेच, कारण त्याच्या शैलीचा ठसा ओळखल्याशिवाय नंतरचे अरबी गद्य कळत नाही. ते आदराने आणि अभ्यासाच्या दृष्टीने वाचायचे असते. आणि ठाणेकरांनी हेही लक्षात ठेवावे की अकराव्या शतकात अल्-बिरूनीने भारताविषयी अरबीत लिहिलेल्या ग्रंथात कोकणाची राजधानी म्हणून ‘ताना’चा, म्हणजे आपल्या ठाण्याचा उल्लेख आहे.

८. अरबी आणि इंग्रजीचा एकमेकांशी काय संबंध? एकत्र का शिकायचे?

एका पुस्तकाचा प्रवास पाहिला तर हे चटकन पटते. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणमध्ये पहलवी भाषेत गेले. तिथून आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फाने ते अरबीत आणले. आपले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे तिथे ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ झाले, आणि तेच ग्रंथाचे नाव ठरले. या अरबी ग्रंथाचे हिब्रूत आणि हिब्रूतून तेराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर झाले, पुढे ते इटालियनमध्ये पोचले, आणि इटालियनवरून १५७० साली टॉमस नॉर्थने ते इंग्रजीत नेले. याच नॉर्थने केलेल्या, प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराच्या भाषांतरावर शेक्सपिअरने आपली रोमन नाटके रचली. संस्कृत आणि एलिझाबेथकालीन इंग्रजी यांच्या मधला हा दुवा अरबीशिवाय जुळत नाही.

आधुनिक काळात प्रवाह उलटाही वाहतो. सुदानचे तय्यिब सालिह यांची १९६६ सालची ‘मौसिमुल् हिज्रा इलश्-शमाल’ ही कादंबरी जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ला आणि ‘ऑथेल्लो’ला दिलेले उत्तर म्हणून जगभर शिकवली जाते: तिथला प्रवासी युरोपातून आफ्रिकेत जाण्याऐवजी नाईलच्या काठावरून लंडनला जातो. इंग्रजीचा विद्यार्थी कॉनरॅड वाचतो, अरबीचा विद्यार्थी सालिह वाचतो. दोघांना समोरासमोर ठेवण्याचे काम तुमच्यासारख्यांचे आहे.

९. यात मराठीचा काही उपयोग आहे का, की ती बाजूला ठेवायची?

मराठी बाजूला ठेवू नका. अरबी आणि इंग्रजी यांची तुलना करणारे जगात पुष्कळ आहेत, पण त्या दोघींच्या शेजारी मराठी ठेवू शकणारे फार थोडे, आणि तुमचे स्वतःचे म्हणता येईल असे काम तिथेच होईल.

छंदशास्त्राचेच उदाहरण घ्या. आठव्या शतकात अल्-खलील इब्न अहमद याने अरबी वृत्तांचे शास्त्र बांधले. परंपरेने सोळा वृत्ते मानली जातात. इंग्रजी छंद आघातावर चालतो, अरबी छंद आपल्यासारखाच लघु-गुरूवर. अरबीतल्या ‘मुतकारिब’ वृत्ताचा घटक ‘फऊलुन्’ असा आहे: ‘फ’ लघु, ‘ऊ’ गुरू, आणि ‘लुन्’ व्यंजनान्त म्हणून गुरू. हा आपला यगण झाला. एका अर्ध्या ओळीत तो चार वेळा येतो, आणि चार यगण म्हणजे भुजंगप्रयात. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ ही मनाच्या श्लोकांची पहिली ओळ ‘फऊलुन् फऊलुन् फऊलुन् फऊलुन्’ यावर बोट ठेवून म्हणून पाहा. अक्षर न् अक्षर बसते. फरकही तितकाच शिकवणारा आहे: मुतकारिबात कवीला ‘फऊलुन्’च्या जागी ‘फऊलु’ करण्याची किंवा शेवटचा घटक आखूड करण्याची मुभा आहे, भुजंगप्रयातात ती नाही. हे साम्य एकाने दुसऱ्याकडून उचलले म्हणून आहे असे घाईने लिहू नये. दोन्ही भाषांत उच्चाराचा काळ मोजण्याची वृत्ती आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते. ज्यांना प्रत्यक्ष देवाणघेवाणीचा माग काढायचा आहे त्यांनी गझल घ्यावी, जी अरबीतून फारसीत, फारसीतून उर्दूत आली, आणि जिला मराठीत आणणारे माधव जूलियन हे फारसीचे प्राध्यापक होते.

दुसरे उदाहरण नवकवितेचे. १९४७ साली बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्या, आणि त्याच वर्षी इराकच्या नाज़िक अल्-मलाइका यांनी कॉलऱ्यावर लिहिलेली कविता अरबी मुक्त छंदाची सुरुवात मानली जाते. त्यांचे समकालीन बद्र शाकिर अस्-सय्याब बगदादला आधी अरबी आणि मग इंग्रजी साहित्य शिकले होते. टी. एस. एलियटची छाया मर्ढेकरांवरही दाखवली जाते आणि सय्याबवरही. एकच इंग्रजी कवी एकाच काळात मुंबईत आणि बगदादमध्ये कसा वाचला गेला, हा एम.ए.च्या लघुप्रबंधाला पुरून उरेल असा विषय आहे. नाज़िक अल्-मलाइका पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात तौलनिक साहित्यच शिकल्या.

१०. सगळे इंग्रजी भाषांतरात मिळते. मूळ अरबी वाचलेच पाहिजे का?

पहिल्या वर्षी भाषांतरावर भागवावे लागते, त्यात कमीपणा नाही. परंतु भाषांतर म्हणजे मूळच, असे धरून निष्कर्ष काढू नयेत. अलादिनची गोष्ट ‘अरेबियन नाइट्स’च्या, म्हणजे अरबी सुरस कथांच्या, जुन्या अरबी हस्तलिखितांत नाही. आंत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराने ती १७०९ साली अलेप्पोच्या हन्ना दियाब याच्याकडून ऐकली आणि आपल्या ग्रंथात घातली. हे ठाऊक नसेल, तर विद्यार्थी अलादिनवरून मध्ययुगीन अरब समाजाविषयी पानेच्या पाने लिहितो आणि ती सारी वाया जातात.

चांगले भाषांतर हा मात्र स्वतंत्र अभ्यासविषय आहे. ओमानच्या जोखा अल्-हारिसी यांची ‘सय्यिदातुल् कमर’ ही कादंबरी मॅरिलिन बूथ यांनी इंग्रजीत आणली आणि २०१९ साली तिला आंतरराष्ट्रीय मॅन बुकर पुरस्कार मिळाला, जो लेखिका आणि भाषांतरकार यांच्यात विभागून दिला जातो. अशा पुस्तकाचे एकच प्रकरण घेऊन मूळ आणि इंग्रजी ओळीला ओळ लावून वाचावे. थेट अरबीतून मराठीत आलेली पुस्तके आजही अगदी मोजकी आहेत, आणि ही उणीव या वाटेने जाणाऱ्यांनीच भरून काढायची आहे.

११. शब्दकोशात शब्द सापडतच नाही. काय चुकते?

अरबी शब्दकोश बहुधा धातूंच्या क्रमाने लावलेले असतात. ‘मकतब’ हा शब्द ‘म’खाली नव्हे, तर क-त-ब या धातूखाली मिळेल. म्हणून आधी जोडलेली अक्षरे बाजूला काढून तीन मूळ व्यंजने ओळखावी लागतात. हान्स वेअर यांचा कोश विद्यार्थ्यांत सर्वाधिक वापरला जातो. तो मुळात १९५२ साली जर्मनमध्ये निघाला आणि १९६१ साली इंग्रजीत आला. मोबाइलवरच्या अॅपमध्ये शब्द टाइप करून अर्थ लगेच मिळतो हे खरे, पण पहिले वर्षभर तरी छापील कोशच वापरावा असे मी सांगतो, कारण धातू शोधताना जे व्याकरण मुरते ते दुसऱ्या कशाने मुरत नाही.

१२. रोज ठाण्याहून किंवा वाशीहून कलिन्याला, मुंबई विद्यापीठाच्या संकुलात जाणे आणि इतका अभ्यास, हे जमते का?

जमते. ठाण्याहून मध्य मार्गाने आणि वाशी, नेरूळहून हार्बरने कुर्ल्याला उतरून पुढे बस किंवा रिक्षा घ्यावी लागते. सकाळच्या गर्दीत वही उघडता येत नाही, तेव्हा गाडीतला वेळ ऐकण्याला द्यावा: अल जझीराच्या अरबी शिकणाऱ्यांसाठीच्या संकेतस्थळावरचे सोपे उतारे किंवा पाठाचे ध्वनिमुद्रण. लेखनाचा सराव घरी, टेबलाशी. मराठी बाजूच्या वाचनासाठी ठाण्यातले १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय हाताशी आहे.

१३. इंग्रजी आणि अरबी अशा दोन पदव्या एकाच वेळी घेता येतात का?

येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात असतील, तर त्यांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. नाहीतर एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन घेता येतो, मात्र तो आयोगाची मान्यता असलेल्या संस्थेचाच हवा. पीएच.डी.ला ही सवलत लागू नाही. शिवाय ही तत्त्वे आपापल्या नियमांत आणण्याचे काम त्या त्या विद्यापीठाचे आहे, म्हणून दोन्हीकडून लेखी उत्तर घेऊनच शुल्क भरावे. परीक्षा एकाच दिवशी आल्या तर तारीख बदलून मिळेल, असे गृहीत धरू नये.

१४. यातून नोकरी मिळेल का? वडील हेच विचारतात.

वडिलांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. केवळ साहित्याच्या पदवीवर अरबीची नोकरी मिळत नाही. ती भाषेच्या कामकाजी प्रावीण्यावर मिळते. मुंबई आणि नवी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत ओमान, येमेन, इराक इथून रुग्ण येतात आणि त्यांना दुभाषी लागतात. तिथे बोली आणि वैद्यकीय शब्द दोन्ही यावे लागतात, आणि अंदाजाने अर्थ सांगून चालत नाही. न्हावा-शेवा बंदरातून चालणाऱ्या व्यापारात अरबी कागदपत्रांची भाषांतरे असतात. प्रकाशन, उपशीर्षके, अध्यापन हे आणखी मार्ग. इंग्रजी उत्तम लिहिता येणे इथे फार कामाला येते, कारण बहुतेक भाषांतरे अरबी-इंग्रजी याच जोडीत होतात. पहिल्या वर्षी पगार पाहण्यापेक्षा जिथे रोज अरबी वाचावी लागेल असे काम धरावे.

१५. नेट कोणत्या विषयात द्यावी?

इंग्रजी, अरबी आणि तौलनिक साहित्य हे नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, तीन स्वतंत्र विषय आहेत. निवड करताना तुमची एम.ए. कोणत्या विषयात आहे आणि ज्या महाविद्यालयांत शिकवायचे आहे तिथे जागा कोणत्या विषयाच्या निघतात, हे पाहावे. आपल्या भागात तौलनिक साहित्याचे स्वतंत्र विभाग नसल्यासारखेच आहेत, त्यामुळे इथेच राहून शिकवायचे असेल तर इंग्रजी किंवा अरबीची नेट अधिक उपयोगी ठरते, आणि तुलनेचे काम पीएच.डी.तून करता येते.

१६. ब्रिटनमध्ये अशी संयुक्त पदवी मिळते असे ऐकले. तिथली एम.ए. इथे चालते का?

ब्रिटनमध्ये अरबीबरोबर दुसरा विषय जोडून पदवी घेण्याची पद्धत रुळलेली आहे. लंडनची सोआस ही १९१६ साली स्थापन झालेली संस्था त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि अशा अनेक अभ्यासक्रमांत एक वर्ष अरब देशात काढावे लागते. गोंधळ स्कॉटलंडबाबत होतो. सेंट अँड्रूज किंवा एडिनबरासारख्या जुन्या विद्यापीठांत कलाशाखेची चार वर्षांची पहिलीच पदवी ‘एम.ए.’ म्हणून दिली जाते. ती आपल्याकडच्या पदव्युत्तर एम.ए.सारखी नाही. परत येऊन पीएच.डी. किंवा प्राध्यापकीसाठी अर्ज करणार असाल, तर समकक्षतेचा प्रश्न जाण्यापूर्वीच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांशी ताडून पाहावा.

१७. प्रबंधात अरबी नावे देवनागरीत कशी लिहावीत? ग्रंथालयाच्या सूचीत तर एकच लेखक चार प्रकारे सापडतो.

एक पद्धत ठरवावी आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच पाळावी. ‘अल्’ हे उपपद पुढे चौदा विशिष्ट व्यंजनांपैकी एखादे आले की उच्चारात त्या व्यंजनात मिसळते: ‘अल्-सय्याब’ असे लिहिलेले ‘अस्-सय्याब’ असे उच्चारले जाते, ‘अल्-मलाइका’ मात्र तसेच राहते. देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिणे मला योग्य वाटते. सूची लावताना ‘अल्’ वगळून पुढच्या अक्षराने क्रम लावावा, म्हणजे सय्याब ‘स’खाली आणि मलाइका ‘म’खाली येतील. इंग्रजी सूचीत पुस्तक शोधताना लेखकाच्या नावाची दोन-तीन वर्णलेखने करून पाहावीत, आणि तरीही मिळाले नाही तर भाषांतरकाराच्या नावाने शोधावे. बहुतेक वेळा ते तिथे सापडते.